चुलीची आडभिंत

माझी धाकटी जाऊ चित्रं काढते हे मला पंचवीस वर्षं दिसत होतं, पण त्याला चित्रं काढणं म्हणावं असं कधी वाटलं नव्हतं. आमच्याकडे बाई सारवते, लिंपते, सणाला उंबऱ्यावर हळदीकुंकवाची बोटं ओढते. तशातलंच हे काहीतरी, जरा जास्त वेळखाऊ. शाळेच्या मोठ्या सरांनी मला विचारलं नसतं तर मी या गोष्टीचा कधी विचारच केला नसता. आता केला आहे, आणि खरं सांगायचं तर हाती फारसं काही लागलेलं नाही.

जामखेडहून खर्ड्याकडे जाताना लागणाऱ्या एका गावात माझी पिठाची गिरणी आहे. लग्नानंतरची पहिली सहा वर्षं मी आणि आमचे हे, धाकटे दीर आणि ही जाऊ, असे चौघं ऊसतोडीला जायचो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. आमच्या घरातून दोन कोयते निघायचे. मग आम्ही गिरणी टाकली आणि मी कोयता ठेवला तो ठेवलाच. दीर आणि जाऊ मात्र दर दिवाळीनंतर जात राहिले.

तिकडे राहायचं ते कोपीत. बांबू रोवायचे, वर पाचट आणि ताडपत्री टाकायची, झालं घर. कोपीच्या तोंडाशी चूल मांडतात, आणि तिला वारा लागू नये म्हणून गुडघ्याएवढी मातीची आडभिंत घालतात. ही भिंत सगळ्याच बाया घालतात. माझी जाऊ तिच्यावर घोडे काढायची.

घोडेच असं नाही. कधी म्हैस, कधी एस्टी, कधी नुसते ठिपके आणि वळणं. पण घोडे जास्त. चुना, तांबडी काव आणि चुलीतला कोळसा, एवढाच सगळा संसार. उसाच्या कांडीचं टोक दातानं चावून त्याच्या तंतूंचा कुंचला करायची. पहाटेपासून तोड, मग मोळ्या डोक्यावरून गाडीत भरायच्या, मग भाकऱ्या. डाळ शिजायला टाकली की बाकीच्या बाया पाय लांब करून बसायच्या आणि ही भिंतीपुढे उकिडवी.

त्या काळी मी तिला एकदा म्हणाले होते, "अगं, हात दुखत न्हाईत का तुझं?"

"दुखत्यात की."

"मग?"

"मग काय, बाई. डाळ शिजाया टाइम हाय."

ती मला बाई म्हणते. थोरल्या जावेला आमच्यात तसंच म्हणतात.

तिच्या घोड्याला पाच पाय असायचे. मी मोजले आणि चूक दाखवली. ती म्हणाली, "पळताना तेवढं दिसत्यात." तिच्याशी बोलणं असं असतं. पुढे काय विचारावं ते सुचत नाही.

तेव्हा मी माझ्यापुरता एक हिशोब लावला होता. तळावर शंभर-दीडशे कोप्या, सगळ्या सारख्या. तिचं पोरगं तेव्हा लहान होतं, आणि संध्याकाळी खेळून परत येताना भलत्याच कोपीत शिरायचं. घोडा बघून त्याला आपलं दार कळत होतं. माझ्या मनाला हे पटलं. कामाची गोष्ट आहे, करू दे. पुढे ते पोरगं मोठं झालं, शिकलं, रांजणगावला कंपनीत लागलं. घोडे चालूच राहिले. म्हणजे माझा हिशोब चुकला होता, किंवा सुरुवातीला बरोबर होता आणि नंतर चुकला. याचाही उलगडा मला झालेला नाही.

मग ती संक्रांत. चार-पाच वर्षं झाली असतील. त्यांचा तळ त्या साली बेलापूरच्या पुढे, कालव्याच्या कडेला पडला होता. मी बाजरीचं पीठ आणि तिळगूळ घेऊन एस्टीनं भोगीच्या दिवशी सकाळी पोचले. सगळे उसाच्या फडात गेलेले. तळावर एक म्हातारी, चार कोंबड्या आणि मी. मला रिकामं बसता येत नाही. उद्या सण, आणि जावेची आडभिंत चुलीच्या बाजूनं काळी झालेली, बाहेरच्या बाजूनं चित्रानं भरलेली आणि मधे मधे पोपडे आलेले. सणाआधी भिंत सारवायची असते. यात विचार करण्यासारखं मला काही दिसलं नाही. मी बैलांच्या दावणीतलं शेण आणलं, माती कालवली आणि भिंत आतून-बाहेरून सारवून टाकली. अगदी तुळतुळीत. हात धुतले, बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी करून ठेवली.

दुपारी ती मोळ्या टाकून आली, भिंतीपुढे उभी राहिली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाहेरच्या बाजूला बराच मोठा घोडा होता आणि त्याच्या पाठीवर एक पाखरू होतं. शेजारच्या कोपीतली बाई म्हणालीसुद्धा, "आगं बया, आठ दिस काढत हुती ती."

मला ओशाळल्यासारखं झालं. मी म्हणाले, "मला वाटलं, सनाचं सारवून ठिवावं."

"बरं झालं," जाऊ म्हणाली. आणि तिचा चेहरा खरंच तसा होता. ती रागावली असती तर मला समजलं असतं, रडली असती तरी समजलं असतं. तिनं सारवलेल्या भिंतीवरून हाताची उलटी बाजू फिरवली आणि म्हणाली, "वल्ली हाय. सकाळपातूर वाळंल."

दुसऱ्या दिवशी, सणाच्या दिवशी, तिनं एस्टी काढली. खिडकीत एक बाई, डोक्यावर डबा. "ह्या तुमी," म्हणाली. माझं नाक एवढं मोठं नाही.

परत येताना गाडीत मी विचार करत होते. आठ दिवस खपून केलेली वस्तू कुणी पुसून टाकली आणि पुसणाऱ्याला बरं झालं म्हणायचं, तर मग ती वस्तू कशासाठी केली होती? मी आठ दिवस दळण दळलं आणि कुणी ते रस्त्यावर सांडलं तर मी बरं झालं म्हणणार नाही.

मागच्या हंगामात तिची पाठ गेली. मोळी उचलताना कमरेतून कळ आली आणि ती जागेवर बसली. जामखेडच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, वजन उचलायचं नाही, वाकून काम करायचं नाही, पुन्हा कोयता धरलात तर पाय लुळे पडायची भीती आहे. दीर उरलेला हंगाम कसेबसे एकटे राहिले आणि मग ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर झाले. आता तिनं तिकडे जायची गरजच उरली नव्हती. फक्त इथे तिला काहीतरी काम हवं होतं, कारण रिकामं बसणं तिलाही जमत नाही. आम्हा दोघींत एवढं एक सारखं आहे.

गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवणारी बाई लेकाकडे राहायला गेली आणि जागा रिकामी झाली. उभ्यानं करायचं काम, गॅसची शेगडी, डाळ-तांदूळ उचलायला पोषण आहाराचा टेम्पोवाला. मी लगेच मोठ्या सरांना गाठलं. त्या जागेवर अजून दोघींचा डोळा होता. सर म्हणाले, "ताई, तुमच्या जाऊबाई चित्रं काढतात असं ऐकलंय."

"काढते की. लई भारी काढते," मी म्हणाले. पंचवीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं.

सरांना स्वयंपाकाच्या खोलीची मैदानाकडची भिंत रंगवून हवी होती. दिवाळीच्या आधी तालुक्याहून साहेब शाळा बघायला येणार होते. एका माणसात दोन कामं होतील म्हणून सरांनी शाळेच्या समितीपुढे तिचं नाव लावून धरलं, आणि जूनमध्ये ती लागली. मला वाटलं, सगळं मार्गी लागलं. एवढी मोठी भिंत, सिमेंटची, गुळगुळीत, वर पत्र्याची सावली. तिला आयुष्यात अशी भिंत मिळाली नव्हती.

सरांनी तेलाच्या रंगाचे डबे आणून दिले. हात धुणारा मुलगा, झाडं लावा, अ आ इ, आणि उरलेल्या जागेत तुम्हाला काय हवं ते काढा, असं सांगितलं. तिनं एका डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला आणि विचारलं, "ह्यो पुसतो का?"

सर खुशीत म्हणाले, "छे. दहा वर्षं हलणार नाही."

तिनं झाकण लावलं. महिनाभर भिंत कोरी. कधी पाठ दुखते, कधी ब्रश बरोबर नाही, कधी पाऊस. मी गिरणीतून तिला फोन करून करून थकले. जुलै संपता संपता गिरणीवर दळणाचे डबे घेऊन येणाऱ्या पोरींकडून मला कळलं की भिंतीवर चित्र आहे.

"काय हाय गं?"

"आज म्हैस हाय. काल घोडा हुता."

"काल घोडा आन् आज म्हैस? दोनी हायत का?"

"न्हाई. घोडा पुसला की."

ती चुना आणि काव घेऊन काढत होती, आणि सकाळी आल्यावर ओल्या फडक्यानं पुसत होती. उभ्यानं, कारण भिंत उंच होती. पाठीला त्रास नाही. तांदूळ शिजेपर्यंत नवीन. पोरं प्रार्थनेच्या आधी अर्धा तास येऊन बसायला लागली. सर हसून म्हणाले, "सराव चाललाय. शेवटी पक्कं करतील." मलाही तसंच वाटलं. मी तिला विचारलं, तर ती "व्हय, व्हय" म्हणाली.

साहेब सांगितलेल्या वेळेच्या दीड तास आधी आले. मी तिथे नव्हते, पण सगळं गाव मला सांगून गेलं. भिंत नुकतीच पुसलेली, ओली, खाली तांबूस पाण्याचे ओघळ. सर साहेबांना घेऊन कोपऱ्यावरून वळले आणि थांबले. साहेबांनी विचारलं, "ही भिंत अशी का?"

जाऊ दारात पळी घेऊन उभी होती. ती म्हणाली, "आजचं आजून काढायचंय, सायेब. डाळ शिजली की काढते."

साहेब खिचडी जेवले, मीठ बरोबर आहे म्हणाले, आणि शेऱ्यात लिहून गेले की स्वयंपाकाच्या खोलीची भिंत रंगवून घ्यावी.

संध्याकाळी सर गिरणीवर आले. पट्टा चालू होता, तो बंद करेपर्यंत उभे राहिले.

"ताई, तुम्ही मला काय सांगितलं होतं?"

"काढते म्हणून सांगितलं हुतं. काढत न्हाई का?"

"पुसतात पण ना. मी समितीपुढं शब्द टाकला. आता लोक म्हणतात, सरांनी भिंतीसाठी बाई लावली आणि भिंतच नाही."

"सर, जागा खिचडीची हाय का भिंतीची?"

"खिचडीची."

"करपली का एकदा तरी?"

"नाही."

"मग?"

सर डोकं खाजवत गेले. मनातून मला त्यांचं म्हणणं पटत होतं. दिलेलं काम करायचं, यात अवघड काय आहे?

सरांनी जामखेडहून पेंटर बोलावला. त्यानं दोन दिवसांत भिंत भरून टाकली. हात धुणारा मुलगा, अ आ इ, डोंगर, सूर्य, आणि कुणीतरी सांगितलं असावं म्हणून एका कोपऱ्यात घोडा. मी मुद्दाम बघायला गेले. रंग चकचकीत, रेघा सरळ. मला आवडलं. जाऊ माझ्या शेजारी उभी होती.

"कसं वाटतंय?" मी विचारलं.

"झ्याक हाय. पाय चार हायत."

त्यानंतर ती गप्प झाली असं मी म्हणणार नाही, ती आधीही फार बोलत नव्हती. खिचडी रोज वेळेवर होत होती. दिवाळी झाली. गावातून पहिल्या टोळ्या निघायला लागल्या. दीर ट्रॅक्टर घेऊन निघायच्या दोन दिवस आधी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, मी जाते अवंदा संगं."

मी दळणाचा डबा खाली ठेवला. "कोयता धराया पाठ हाय का तुला?"

"धरनार न्हाई. नुसती भाकरी करीन ह्यान्ला."

"तिथं कोन नुसती भाकरी करतं? चार दिवसांनी म्हनशील, दोन मोळ्या बांदते, आठ दिवसांनी कोयता हातात. मला सांगती का?"

तिला आणि मला दोघींनाही माहीत होतं की तळावर गेलेली बाई फडात गेल्याशिवाय राहत नाही. तिथे सगळी माणसं पहाटे निघून जातात आणि एकटं मागे राहणं कुणाला सोसत नाही. डॉक्टर काय म्हणाले ते मी पुन्हा सांगितलं. ती "व्हय" म्हणाली.

"हितं काय कमी हाय तुला? काम हाय, घर हाय. रंगीत भिंत हाय."

"हितं समदं झालेलं हाय, बाई."

"म्हंजी?"

"झालेलं हाय," ती म्हणाली आणि गेली.

मी ते वाक्य दोन दिवस डोक्यात फिरवलं. मला वाटलं, ती भांडी-धुणी झालेली आहेत असं म्हणते आहे. मग वाटलं, मुलगा मार्गी लागला असं म्हणते आहे. मग दळता दळता मला ती भोगीची दुपार आठवली, सारवलेल्या भिंतीवरून फिरणारा तिचा उलटा हात. कशाचा कशाशी संबंध आहे ते मला नीट मांडता येत नव्हतं. आजही येत नाही. पण ती निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी गिरणी बंद केली आणि रस्त्याकडच्या भिंतीपुढे घमेलं घेऊन उभी राहिले.

सिमेंटवर माती धरत नाही. हे मला माहीत आहे, आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. म्हणून मी गिरणीचे दगड घासून गुळगुळीत झाले की त्यांना टाकी लावायची छिन्नी आणि हातोडी काढली, आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंत भिंत टोचायला घेतली, म्हणजे मातीला पकड मिळेल. आमचे हे शेतातून आले आणि बघतच राहिले.

"हे काय?"

"भिंत सारवतेय."

"सिमेंटची? चांगलं प्लास्टर फोडून? डोकं फिरलं का तुझं?"

"फिरलंय. शेन आना दोन पाट्या."

त्यांनी आणलं. कुरकुरत, पण आणलं.

टोचताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मी मधेच थांबले. दगडाला टाकी लावते तशाच मी खुणा मारत होते, ओळीत, एकसारख्या अंतरावर, एक ओळ डावीकडे कललेली, पुढची उजवीकडे. एक ओळ वाकडी गेली तेव्हा मी मागे येऊन ती नीट केली. दगडाचं ठीक आहे, तिथे ओळ चुकली तर पीठ जाड पडतं. इथे वरून दोन बोटं मातीचा थर बसणार होता. कुणालाही, कधीही दिसणार नव्हत्या अशा खुणा मी सरळ का करत होते, हे मला कळेना. अंधार पडायच्या आत काम उरकायचं होतं म्हणून मी तो विचार सोडला.

सकाळी ती आली, पाठीला पट्टा बांधलेला, हातात बोचकं, वाटेसाठी पीठ न्यायला. बोचकं तिनं गिरणीच्या काट्यावर ठेवलं आणि बाहेर येऊन भिंत बघितली.

"कुनी घातली?"

"मी."

"सिमिटावं?"

"मग कशावं? भिंत हाय ती."

तिनं वरपासून खालपर्यंत बघितलं. "वरच्या अंगाला लई पातळ झालीय. पयली ततलीच गळंल."

"मला आलं तसं घातलं. जमत नसंल तर जा, ट्रॅक्टर उबा हाय."

तिनं हाताची उलटी बाजू मातीला लावली. "वल्ली हाय आजून."

"रातभर थंडी हुती."

ट्रॅक्टर चावडीपाशी उभा होता. हॉर्न वाजला, पुन्हा वाजला, आणि मग दीर स्वतःच चालत आले. "वहिनी, पाठवा हिला. ट्रॉलीतली मान्सं खोळंबलीत."

"मी धरून ठेवलंय का तिला?"

दीर तिच्याकडे वळले. "चल की."

"वाळाया दुपार व्हईल," ती म्हणाली. ती त्यांना सांगत होती की भिंतीला, ते मला कळलं नाही.

"काय वाळाया?"

"तुमी व्हा म्होरं."

"ट्रॅक्टर थांबतो का भिंतीपायी?"

"मग नका थांबू की. फोन करा पोचल्याव."

दीर माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे. ते गेले. ट्रॅक्टरचा आवाज खर्ड्याच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिला आणि ती तोवर भिंतीच्या कडेला बोटानं माती दाबत होती. मग म्हणाली, "खिचडीचा टाइम झाला," आणि शाळेकडे गेली. बोचकं काट्यावर तसंच. मला दळण मोजायचं होतं, म्हणून मी ते उचलून आत ठेवलं.

दुपारी येऊन तिनं घोडा काढला. उभ्यानं. पाय मी मोजले नाहीत. दळणाला आलेल्या बाया थांबून बघतात, आणि त्यापायी गिरणीसमोर गर्दी होऊन माझा खोळंबा होतो. तो तिला मी सांगितलाही. ती "व्हय" म्हणते.

आठव्या दिवशी, ती म्हणाली होती तसा, वरचा थर गळाला. घोड्याचं तोंड आणि अर्धी मान रस्त्यावर पडली आणि भिंतीत माझ्या छिन्नीच्या ओळी उघड्या झाल्या. मी शाळेत जाऊन तिला सांगितलं. ती पातेल्यात पळी फिरवत होती.

"बरं झालं," ती म्हणाली.

संध्याकाळी ती बादली घेऊन आली. शेण आणि माती कालवायची वेळ आली की बादली माझ्याकडे सरकवते, कारण तिच्या पाठीला वाकणं चालत नाही. मग मी कालवते.